करार अभंग, पण सातबारा नव्हे

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ठेले लागतात. एमपीएससीची गाइडं, दहावीचे प्रश्नसंच, कव्हर गेलेल्या कादंबऱ्या आणि त्यांच्यात कुठेतरी काळ्या पुठ्ठ्याचं मराठी पवित्र शास्त्र. ते चाळून पाहिलं तर लक्षात येतं की जवळजवळ पाऊण पुस्तक जुना करार आहे, म्हणजे ज्यू लोकांचा धर्मग्रंथ. येशूचं चरित्र आणि प्रेषितांची पत्रं उरलेल्या पाव भागात. आपली ओळख मात्र बहुधा या पाव भागापासून सुरू होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच पाहा. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला काही काळ काढल्यावर ते नोकरीसाठी राजनांदगावला निघाले. त्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अब्राहाम, मोशे, यिर्मया त्यांना भेटले ते पुढे, ख्रिस्ताच्या मागून.

अशा उलट क्रमाच्या वाचनात एक प्रश्न हमखास निसटतो. देवाने एका लहानशा लोकसमूहाला शब्द दिला होता. तो शब्द अजून चालू आहे की त्याची मुदत संपली? ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएल-हमास युद्ध पेटलं आणि हा प्रश्न अचानक प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडला. कुणी म्हणतं, ज्यू ही देवाची निवडलेली प्रजा, तेव्हा इस्राएलचं सरकार करील ते देवाला मान्यच. कुणी म्हणतं, ख्रिस्त आला आणि जुना करार बाद झाला, आता ख्रिस्ती मंडळी हेच खरं इस्राएल. आणि ज्याला यातलं काहीच पटत नाही तो म्हणतो, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्यांवरून आजचे हिशेब कसले मांडता? तिन्ही उत्तरं घाईची आहेत. मूळ ग्रंथ यापेक्षा अवघड आहे आणि आपल्याकडचा कोकणातला इतिहासही.

आधी ग्रंथ. उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात एक विलक्षण विधी आहे. अब्राम, अजून त्याचं नाव अब्राहाम झालेलं नाही, देवाच्या सांगण्यावरून तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका आणतो, मधोमध चिरतो आणि अर्धी अर्धी अंगं समोरासमोर मांडतो. गिधाडं झडप घालतात, ती तो हाकलतो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे करार करणारे या तुकड्यांमधून चालत जात; शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. पण सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते आणि अंधारात त्या तुकड्यांमधून जाते ती एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल. अब्राम चालतच नाही. शपथेचा सगळा भार देवाने एकट्याने उचलला, असं ग्रंथकाराला दाखवायचं आहे. त्याच रात्री अब्रामाला हेही सांगितलं जातं की तुझी संतती चारशे वर्षं परक्या देशात गुलामीत राहील. शब्द पक्का, पण त्यात सुखाची हमी नाही.

सीनाय पर्वतापाशी चित्र बदलतं. तिथे लोकही बोलतात, सगळं पाळू म्हणून कबूल करतात, आणि अनुवाद या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात न पाळल्यास काय होईल याची अंगावर काटा आणणारी यादी येते: दुष्काळ, वेढा, परागंदा होणं. म्हणजे एका करारात अट नाही आणि दुसऱ्यात अटींची रास. ग्रंथ या दोहोंपैकी एकही पुसत नाही. सोन्याच्या वासरापुढे लोक नाचतात तेव्हा देव त्यांचा नाश करायला निघतो, आणि मोशे त्याला पहिल्या शपथेची आठवण करून देतो. देवालाच त्याच्या शब्दात धरणारा हा माणूस मला या ग्रंथातला सर्वांत धीट वकील वाटतो. देव माघार घेतो. शिक्षा मात्र होतेच.

निवड कशासाठी, याचं अनुवादाच्या सातव्या अध्यायातलं उत्तर गर्वाला जागा देत नाही. तुम्ही संख्येने मोठे होतात म्हणून निवडलं असं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडके. प्रेम होतं आणि पूर्वजांना शपथ दिली होती, इतकंच कारण. आणि आमोस संदेष्टा तर निवडीचा अर्थच उलटा लावतो. तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्याच पापांचा झाडा घेणार, असा त्याचा सूर. निवड म्हणजे सवलत, हा समज आमोस वाचून टिकत नाही.

यिर्मया संदेष्ट्याजवळ जरा थांबायला हवं, कारण दोन्ही बाजू एकाच माणसाच्या तोंडी येतात. सातव्या अध्यायात तो मंदिराच्या दारात उभा राहून सांगतो की हे परमेश्वराचं मंदिर आहे असं घोकलं म्हणून तुम्ही वाचणार नाही. परदेशीयाला, पोरक्याला, विधवेला छळायचं थांबवा, तर इथे राहाल. एकतिसाव्या अध्यायात हाच यिर्मया म्हणतो की सूर्य, चंद्र, तारे यांचा नियम मोडेल तेव्हाच इस्राएल राष्ट्र म्हणून संपेल. बत्तिसाव्यात तर तो शब्दावर पैसे लावतो. बाबेलचं सैन्य यरुशलेमला वेढा घालून बसलंय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत घे. बुडत्या शहरातली जमीन कोण विकत घेईल? यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद, एक उघडी अशा दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देतो आणि मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, ही त्यामागची खात्री. पण शहर पडणार, हेही तोच सांगत होता आणि ते पडलं.

एवढं सगळं असूनही ग्रंथात तक्रार दाबलेली नाही. एकोणनव्वदाव्या स्तोत्राचा पहिला भाग दावीद राजाला दिलेल्या वचनाचं कौतुक करतो आणि पुढे थेट आरोप करतो की तूच करार धुडकावलास. चव्वेचाळिसावं स्तोत्र म्हणतं, आम्ही तुला विसरलो नव्हतो, तरी आम्हाला मेंढरांसारखं कापायला दिलंस. एस्तेरच्या मूळ हिब्रू पुस्तकात तर देवाचं नावच येत नाही. लोक वाचतात ते एका राणीच्या धाडसाने आणि काही योगायोगांनी. देवाच्या एकनिष्ठेवर प्रवचन देणाऱ्यांनी ही पानंही सोबत ठेवावीत. वचनावर विश्वास ठेवणारेच वचन देणाऱ्याला जाब विचारतात, असा हा व्यवहार आहे.

आता ख्रिस्ती बाजू. जुना करार संपला म्हणणाऱ्यांकडे आधार नाही असं नव्हे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय पहिल्या कराराला जीर्ण म्हणतो. गलतीकरांस पत्रात प्रेषित पौल अब्राहामाचं संतान कोण, हे विश्वासावरून ठरवतो. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे नऊ ते अकरा हे तीन अध्याय सलग वाचले की तराजू फिरतो. देवाने आपल्या लोकांना टाकलं का, असा प्रश्न पौल स्वतः उभा करतो आणि मुळीच नाही म्हणतो. विदेशी विश्वासणारे त्याच्या मते जैतुनाच्या झाडावर कलम केलेल्या रानटी फांद्या. त्यांनी मुळाला हिणवू नये, मूळच त्यांना धरून आहे. देवाचं देणं आणि बोलावणं परत घेतलं जात नाही, हा त्याचा निष्कर्ष. इब्री लोकांस पत्राचा रोख आधी याजकपद आणि यज्ञविधी यांच्यावर आहे. त्यावरून एका जिवंत लोकसमूहालाच रद्द ठरवणं ही उडी फार लांब होते. या उडीची किंमत ज्यूंनी शतकानुशतकं मोजली. चौथ्या शतकात अंत्युखियाला योहान क्रिसोस्तोमने केलेली ज्यूविरोधी प्रवचनं आणि १५४३ मधलं मार्टिन ल्यूथरचं विखारी पुस्तक, दोन्ही याच समजावर उभी होती. रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रातून पौलाच्या याच तीन अध्यायांचा आधार घेत सांगितलं की ज्यूंना देवाने टाकलेलं किंवा शापित म्हणून दाखवू नये. युरोपात ६० लाख ज्यू मारले गेल्यावर वीस वर्षांनी.

आपल्याकडे हा वाद रक्तपात न होता घडला आणि त्यातली गंमत निराळीच आहे. सीताबर्डीपासून फार लांब नसलेल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. त्याच मिशनचे मुंबईतले ज्येष्ठ डॉ. जॉन विल्सन. विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले आणि १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. कोणासाठी? कुलाब्यातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल ज्यूंसाठी, ज्यांची मायबोली मराठी होती आणि हिब्रू जवळजवळ विसरली होती. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांतही बेने इस्राएलांची मुलं शिकली. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता: शास्त्र वाचतील, मग ख्रिस्ताकडे वळतील. मुलांनी शास्त्र वाचलं, हिब्रू शिकली, आणि धर्मांतर केलं ते अगदी मोजक्यांनी. करार आपल्याकडे आला असं मानणाऱ्यांनीच कराराचा ग्रंथ मूळ वारसांच्या हाती नव्याने दिला. विल्सन यांच्या विद्वत्तेबद्दल आणि तळमळीबद्दल आदर ठेवूनही असं म्हणावं लागतं की त्यांचं धर्मशास्त्र जिथे अडलं तिथे त्यांचं व्याकरण कामी आलं.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. केव्हा, याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. गावागावांत पसरून ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते, मंदिर नव्हतं. उरलं होतं ते एवढंच: शब्बाथ, सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, जी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हणायची. नवस फेडताना एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेलं खोबरं, वर फळं. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा कुणी आला आणि त्याने यांना ओळखलं, तेही म्हणे बायकांनी पुढ्यातल्या मासळीतून कोणती निवडली यावरून. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याची कृतज्ञता म्हणून. समाज त्याला जुनी मशीद म्हणत आला. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाला वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया लुगडी नेसलेल्या आहेत. मिसरातून सुटकेची कथा, भाषा हिब्रू आणि मराठी, आणि भाकरी थापणारे हात कोकणातले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून ठेवला (तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अविवला), आणि आपल्या हरिदासांच्या धर्तीवर अब्राहाम-योसेफाची आख्यानं सांगणारी कीर्तनंही झाली.

श्रद्धाळू माणूस म्हणेल, हीच देवाची एकनिष्ठा. सगळं हरवलं तरी हे लोक हरवले नाहीत. अभ्यासक म्हणेल, जातीजातींनी बांधलेल्या कोकणी समाजात बेटीव्यवहार आपसात ठेवणाऱ्या गटाला आपोआप एक खोपा मिळतो. त्यात तगून राहणं अशक्य नव्हतं. दोघांचंही म्हणणं मला मान्य आहे, पण दोघांकडूनही एक गोष्ट राहून जाते. शनवारी तेल मिळत नाही म्हणून गावाने या लोकांना हाकललं नाही; रविवारी जाऊन तेल आणलं. करार टिकायला असे शेजारीही लागतात आणि प्रवचनांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

श्रद्धाळू बाजूने मात्र एका ठिकाणी फार सांभाळून बोलायला हवं. ज्यू टिकले हा देवाच्या शब्दाचा पुरावा, असं म्हटलं की पोलंडमधल्या ज्या गावांत एकही ज्यू उरला नाही त्या गावांचं काय, हा प्रश्न येतोच. वाचलेल्यांवर वचन सिद्ध होत असेल, तर मेलेल्यांवर ते खोटं ठरेल. ज्यू विचारवंतांनीच हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वांत निर्दयपणे विचारला आहे आणि त्यांच्यातही एक उत्तर नाही. म्हणून इतिहासातून पुरावे गोळा करण्यापेक्षा शास्त्रात जे आहे तेवढंच म्हणावं: शब्द दिला गेला, मागे घेतला गेला नाही, आणि ज्यांना दिला त्यांनी त्याबद्दल जाब विचारणंही सोडलं नाही.

करार कोणाशी, हा प्रश्न ज्यूंच्या घरातही सुटलेला नव्हता. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल भारत सोडून इस्राएलला गेले. संदेष्ट्यांनी सांगितलेलं परतणं हेच, अशा भावनेने गेले. तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने १९६२ मध्ये नियम काढला की बेने इस्राएलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. पिढ्यान् पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्यांना आपल्या आजीचा दाखला द्यायला सांगितलं गेलं. त्यांनी आंदोलन केलं, जेरुसलेममध्ये ठाण मांडलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने आणि सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. तेव्हा कुठे नियमातून त्यांचं नाव निघालं. निवडलेल्यांतही कोण निवडलेले हे ठरवायला माणसं बसली की काय होतं, याचा हा मराठी माणसांना आलेला अनुभव आहे. नागपुरात, जिथे १९५६ मध्ये लाखोंनी धर्म बदलला तो जन्मावरून लायकी ठरवणाऱ्यांना कंटाळूनच, हा अनुभव समजायला जड जाऊ नये.

राहिली जमीन. देवाने अब्राहामाच्या संततीला तो देश देऊ केला, हे ग्रंथात स्पष्ट लिहिलेलं आहे; ज्यूंची त्या मातीची ओढ कुणी विसाव्या शतकात शोधून काढलेली नाही, आणि ती परक्यांची आक्रमक हाव एवढीच होती असं म्हणणारे ग्रंथही वाचत नाहीत आणि इतिहासही. पण त्याच ग्रंथातलं लेवीय पुस्तक पंचविसाव्या अध्यायात सांगतं की जमीन देवाची, तुम्ही तिच्यावर उपरे आणि पाहुणे. ती कायमची विकू नये. अठराव्यात सांगतं की दुराचार कराल तर ही भूमी तुम्हालाही ओकून टाकील. आणि आमोस नवव्या अध्यायात विचारतो, इस्राएलला मिसरातून आणलं तसंच पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून मीच आणलं ना? शेजाऱ्यांचाही देवाकडे इतिहास आहे, हे इतक्या जुन्या काळी म्हणणारा ग्रंथ एका बाजूच्या मालकीचा उतारा म्हणून फडकवता येत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं की तलाठी मालकाची वागणूक तपासत नाही. इथे देणाऱ्याने वागणुकीची अट घातली आहे आणि परदेशीयाला छळू नये ही त्यातली एक अट आहे. आजच्या सीमा, वसाहती, युद्धं, ओलीस, बॉम्बहल्ले यांचा निवाडा आंतरराष्ट्रीय कायद्याने आणि माणुसकीने व्हावा. इस्राएली आणि पॅलेस्टिनी, दोघांच्याही जिवाचं मोल धरून व्हावा. अब्राहामाचा करार पुढे करून तो निवाडा आधीच लागल्यासारखं बोलू नये, आणि करार नाकारून ज्यूंना पुन्हा बेघर ठरवूही नये.

माझ्या मते तोल असा लागतो. ज्यूंशी झालेला करार रद्द झाला, असं म्हणायला ख्रिस्ती शास्त्रात पुरेसा आधार नाही. तो अभंग आहे असं पौलच म्हणतो. पण अभंग करार हा निर्दोषपणाचा परवाना आहे, असं म्हणायला ज्यू शास्त्रात त्याहूनही कमी आधार आहे. महाराष्ट्रात राहिलेले ज्यू आता थोडे, देशभरात मिळून चार-पाच हजार. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्यांच्या देवाबद्दल निकाल देण्याची सवय आपण सोडायला हरकत नाही.

मंडळींतून यावर बोलणाऱ्या उपदेशकांना एक विनंती. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातलं एक वचन उचलून व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी नववा आणि दहावाही वाचून दाखवा. आणि यिर्मया घ्यायचा तर सातवा आणि बत्तिसावा अध्याय एकाच रविवारी घ्या.